पालखीची वाट आणि तेलाची गाडी

रस्त्याचा इतिहास लिहितांना तो कोणीं बांधला, केव्हां बांधला आणि त्यावर किती खर्च झाला एवढें सांगून लेखक बहुधा थांबतात. त्या रस्त्यावर कोण कोणासाठीं थांबत असे, हें मात्र दप्तरांत सहसा सांपडत नाहीं. वास्तविक समाजाची रीतभात जितकी त्याच्या थांबण्यावरून कळते, तितकी त्याच्या धांवण्यावरून कळत नाहीं. पुण्याहून इंदापुरावरून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. या वाटेवरील लोकांना गेल्या साडेतीनशें वर्षांच्या सुमारास तीन निरनिराळ्या गोष्टींसाठीं थांबण्याचा प्रसंग आला: प्रथम पालखीसाठीं, पुढें आगगाडीसाठीं, आणि आतां तेलाच्या गाडीसाठीं. पहिल्या दोहोंसाठीं थांबणें आम्ही शिकलों. तिसरीसाठीं कसें थांबावें हें अद्याप आम्हांस कळलेलें नाहीं, आणि या अज्ञानाची किंमत लहानसहान नाहीं.

पहिली गोष्ट पालखीची. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पालखीसह पंढरीच्या वारीची प्रथा घातली. ही पालखी आजहि देहूहून निघते, आणि पुण्याचा मुक्काम आटोपून लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करीत पाटसपर्यंत सोलापूरच्या हमरस्त्यानें येते. तेथून रोटी घाट चढून उंडवडी, बारामती, सणसर, निमगांव केतकी या वाटेनें ती इंदापुरास पोहोंचते. मोटारींचा हमरस्ता मात्र पाटसहून कुरकुंभ, भिगवण आणि पळसदेव या बाजूनें इंदापुरास जातो. पाटसला फुटलेल्या दोन वाटा अशा रीतीनें इंदापुरास पुन्हा एकमेकींस भेटतात. एका वाटेवर मोरोपंतांची बारामती आहे, दुसरीवर उजनीच्या पाण्यानें आपलें जुनें गांव सोडावें लागलेलें पळसदेव आहे, आणि दोन्हींच्या मिलनस्थानीं मालोजीराजांच्या नांवाशीं जोडलेलें इंदापूर आहे.

पालखी रस्त्यावर आली म्हणजे काय होतें, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. पोलीस वाहतूक वळवितात हें खरें. पण पोलीस नसले तरी कोणी दिंडींत मोटार घुसवीत नाहीं. ज्याला एरव्हीं दोन मिनिटांचा खोळंबा सहन होत नाहीं तोहि गाडींतून उतरतो आणि हात जोडून उभा राहतो. या वाटेवरचें पहिलें फाटक श्रद्धेचें होतें. तें कोणत्याहि खात्यानें उभारलें नाहीं. तें माणसांच्या मनांत होतें आणि आजहि आहे.

दुसरी गोष्ट आगगाडीची. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची योजना तुकड्यातुकड्यांनीं पुरी होत १८६० सालीं सोलापुरास पोहोंचली. दूरचा माल हळूहळू बैलगाड्यांवरून वाघिणींवर चढला. पुढें नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ पासून बारामती व इंदापूर तालुक्यांच्या काळ्या रानांत खेळूं लागलें, ऊंस वाढला, गूळ वाढला, आणि १९१४ सालीं दौंडाहून बारामतीस अरुंद मापाची छोटी आगगाडीहि सुरू झाली. आगगाडीसाठीं थांबण्यास श्रद्धा पुरेशी नव्हती. तिच्यासाठीं खरेंखुरें फाटक लागलें, दिवा लागला, शिटी लागली, आणि फाटक मोडणारास शिक्षा सांगणारा कायदाहि लागला. गाडीवानानें कुरकुर केली असेल. पण लोखंड जड असतें आणि तें थांबत नाहीं, एवढें ज्ञान एका पिढींत सर्वांस झालें. हें दुसरें फाटक भयाचें व कायद्याचें.

आतां तिसरी गोष्ट. जमिनींतून निघालेलें तेल आपल्या खेड्यांत प्रथम आलें तें दिव्यासाठीं, आणि तें पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून आलें. राकेलचा रिकामा डबा पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास, फार काय, झोपडीचें छप्पर शाकारण्यासहि उपयोगी पडे. त्यामुळें तेलापेक्षां डब्याशींच लोकांचा घरोबा अधिक जडला. डब्यांतल्या तेलाचें भय डब्याएवढेंच होतें. पुढें मोटारी आल्या, विहिरींवर तेलाचीं इंजिनें बसलीं, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला, आणि डब्याचें काम टांकीकडे गेलें. १९८५ सालीं मुंबईहून पुण्यापर्यंत तेलाची भूमिगत नळवाहिनी झाली. पुढें तीच सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत वाढविण्यांत आली. या नळवाहिनीनें कितीतरी टँकरांचा घाटांतील प्रवास वांचविला, याबद्दल तिचे उपकार मानले पाहिजेत. परंतु नळ कोठें तरी संपतो, आणि तेथून पंपापर्यंतची वाट चाकांनींच चालावी लागते. पुण्याजवळ हा नळ वर येतो तो लोणी काळभोर येथें. ज्या गांवीं तुकोबांची पालखी पुण्याबाहेरचा पहिला मुक्काम करते, त्याच गांवच्या परिसरांत तेलकंपन्यांच्या टाक्या उभ्या आहेत. आणि ज्या हमरस्त्यानें वारकरी चालतात, त्यानेंच भरलेले टँकरहि चालतात.

या गाडींत काय असतें याचा थोडा विचार करूं. मोठ्या टँकरांत वीस हजार लिटर व त्याहून अधिक तेल मावतें. पेट्रोल गोठणबिंदूच्या कितीतरी खालच्या तपमानांतहि पेट घेण्याजोगी वाफ सोडीत असतें. ही वाफ हवेहून तिपटीचौपटीनें जड असल्यामुळें वर उडून जात नाहीं. जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते, नाल्यांत उतरते, आणि दूर कोठें विडी किंवा चालू इंजिन भेटलें कीं तेथून पेटून परत टँकराकडे येते. डिझेल त्या मानानें सौम्य. त्याला पेटण्यास बरीच ऊब लागते, पण एकदां पेटलें म्हणजे तेंहि आवरत नाहीं. पेट्रोलच्या आगीवर नुसतें पाणी ओतलें तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवितें; म्हणून बंबवाल्यांना फेस वापरावा लागतो. स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर तर याहून कठीण. त्याची टांकी बाहेरच्या आगीनें तापत राहिली तर आंतील दाब वाढतो, पोलाद मऊ होतें, आणि टांकी फाटून क्षणांत अग्निगोल उठतो. उत्तर अमेरिकेंतील अग्निशामकांच्या मार्गदर्शिकेंत जळणाऱ्या पेट्रोल टँकरापासून ८०० मीटर, आणि गॅसच्या टँकरापासून १६०० मीटर लोकांस दूर ठेवावें असें सांगितलें आहे. आमच्याकडे बघ्यांचें रिंगण पन्नास पावलांवर होतें.

अशा आगीचें स्वरूप आमच्याच पुणे जिल्ह्यानें १३ जून २०२३ रोजीं पाहिलें. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मावळांतील कुणे गांवाजवळच्या पुलावर मिथेनॉल वाहून नेणारा टँकर उलटून पेटला. दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली, आणि काळ्या धुराचे लोट दूरवरून दिसूं लागले. या अपघातांत चार माणसें मरण पावलीं. त्यांतील तिघें त्या महामार्गावर नव्हतींच. तीं पुलाखालच्या रस्त्यानें दुचाकीवरून चाललीं होतीं. वरून जळतें द्रव्य त्यांच्या अंगावर सांडलें. त्यांत एक आई होती आणि दोन मुलें होतीं. हमरस्त्यावरील आग ही हमरस्त्यानें जाणारांची बाब आहे, हा समज त्या दिवशीं कायमचा खोटा ठरला. सोलापूरच्या रस्त्यावरहि पूल आहेत, पुलांखालून शाळेंत जाणारीं मुलें आहेत, कडेला भाजीचीं दुकानें आहेत. अमुक पुलावर असें होणार नाहीं, असें म्हणण्यास कोणताहि आधार नाहीं.

इतर देशांचा अनुभवहि हेंच सांगतो. ११ जुलै १९७८ रोजीं स्पेनच्या समुद्रकांठीं लॉस आल्फाकेस येथें प्रॉपिलीन वायूनें प्रमाणाबाहेर भरलेला टँकर सुटीकरितां आलेल्या लोकांच्या छावणीजवळ फुटला आणि दोनशेंहून अधिक लोक गेले. तो टँकर पथकर द्याव्या लागणाऱ्या मोठ्या मार्गानें न जातां किनाऱ्याच्या वस्तीच्या रस्त्यानें जात होता. त्यानंतर तेथें अशा गाड्यांना वस्तींतून जाण्याची बंदी झाली. २५ जून २०१७ रोजीं पाकिस्तानांत बहावलपूर जिल्ह्यांतील अहमदपूर शर्किया येथें पेट्रोलचा टँकर उलटला. तो लगेच पेटला नाहीं. आसपासचे लोक भांडीं घेऊन सांडलेलें पेट्रोल गोळा करावयास धांवले, आणि मग तें पेटलें. तेथेंहि दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. पहिल्या ठिकाणीं गाडीनें चुकीची वाट धरली. दुसऱ्या ठिकाणीं गाडी थांबली होती, पण माणसें थांबलीं नाहींत.

मग या तिसऱ्या गोष्टीसाठीं फाटक कोणतें? कायदा नाहीं असें नाहीं. स्फोटक व ज्वालाग्राही द्रव्यांवर देखरेख करणारें सरकारी खातें १८९८ सालीं स्थापन झालें, आणि त्याचें मुख्य ठाणें आमच्याच नागपुरांत आहे. पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें धोक्याचा माल नेणाऱ्या चालकास खास शिक्षण घ्यावें लागतें आणि त्याला लिहितांवाचतां येणें आवश्यक असतें. त्याच नियमांनीं गाडीच्या दोन्ही बाजूंस व पाठीमागें एक पाटी लावावयास सांगितली आहे. तीवर मालाचें नांव, धोक्याची खूण, संकटसमयीं कळविण्याचा दूरध्वनि, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं ठरविलेला चार आंकड्यांचा क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १२२३ म्हणजे राकेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १२३० म्हणजे मिथेनॉल. जगांतील पुष्कळशा देशांत हेच आंकडे तोच अर्थ सांगतात.

हेंच तें तिसरें फाटक. पण तें वाचणारालाच दिसतें. चालकाला वाचतां आलें पाहिजे अशी अट कायद्यानें घातली. मागून येणारे आम्ही मात्र पदवीधर असून निरक्षर आहोंत. आमच्या घरांत मुलांना नद्यांचीं नांवें पाठ असतात, इंदापूर कोणत्या तालुक्याच्या शेजारीं आहे हें ठाऊक असतें. परंतु पुढल्या गाडीवरील नारिंगी चौकटींतल्या आंकड्यांचा अर्थ ना मुलांस सांगतां येतो ना बापास. आग लागली म्हणजे मग आम्ही काय करतों? खिशांतला फोन काढून चित्र घेतों, पुढें काय झालें तें पाहण्यास चालत जातों, आणि कंटाळा आला कीं मोटार उलट्या बाजूनें काढून नेमकी तीच जागा अडवितों जेथून बंब यावयाचा असतो. बंबास उशीर झाला अशी तक्रार दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत सर्वांत मोठ्यानें करणाराहि बहुधा त्याच रांगेंतला असतो.

कोणी म्हणेल, हा सारा बोजा प्रवाशांवर कां? सरकारनें ठाणीं वाढवावींत, फेसाचे बंब ठेवावेत, टँकरांना वेळ व वाट नेमून द्यावी. हें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे, आणि या गोष्टी मागितल्याच पाहिजेत. परंतु अत्युत्तम बंबसुद्धां त्याला दिलेल्या वाटेहून जलद येऊं शकत नाहीं. पहिल्या दहा मिनिटांत सरकार तेथें नसतें. तेथें असतों आम्ही. त्या दहा मिनिटांत करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. दूर थांबावें, शक्य तर वाऱ्याच्या बाजूस उभें राहावें म्हणजे धूर व वाफ आपल्याकडे न येतां पलीकडे जाते. सखल जागीं व पुलाखालीं थांबूं नये. इंजिन बंद करावें. विडीकाडी पेटवूं नये. ११२ वर कळवितांना पाटीवरील आंकडा दुरून वाचतां आला तर तो सांगावा. आणि रस्त्याची एक कड बंबासाठीं मोकळी ठेवावी. सांडलेल्या तेलाला हात लावूं नये, हें तर अहमदपूरनें दोनशें चितांच्या उजेडांत शिकविलें आहे.

पालखीसाठीं थांबणाऱ्या समाजाला थांबण्याची कला येत नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. दिंडी जातांना जी कड आपोआप मोकळी होते, तीच कड बंबासाठींहि मोकळी होऊं शकते. तेथें माणसें तींच, रस्ता तोच. फरक एवढाच कीं, पालखीचा अर्थ आम्हांस आजीनें सांगितला होता आणि टँकरावरील आंकड्याचा अर्थ कोणींच सांगितला नाहीं. तो आतां घरांतूनच सांगावयास हवा. पुढल्या वारींत लोणी काळभोरास पालखी टेकेल तेव्हां दर्शनाला नेलेल्या मुलांना त्याच रस्त्यावरून जाणारा एखादा टँकर दुरून दाखवावा, आणि त्यावरील चार आंकडे त्यांच्याकडून वाचवून घ्यावेत.