मोटारीचा सांगाडा आणि आकाशवाणीची खरखर

विद्युत्प्रवाहास जाण्यासाठी जशी वाट लागते तशीच परतण्यासाठीही लागते, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ही परतीची वाट तांब्याची एक गुंजही खर्च न करता मिळवता येते, ही गोष्ट मात्र प्रथम एका फसलेल्या प्रयोगातून उमगली. न्यूरेंबर्ग आणि फ्यूर्थ या दोन शहरांमधील लोहमार्गाचे रूळच तारायंत्राच्या तारांऐवजी वापरावेत, या हेतूने म्युनिकचे प्राध्यापक कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी १८३८ साली उद्योग आरंभिला, तेव्हा रुळांतील वीज जमिनीत झिरपून जाते असा अनुभव त्यांना आला. आणि जी भूमी वीज गिळते तीच ती वाहूनही नेईल, असा तर्क बांधून त्यांनी परतीची तार साफ वगळली. पुढे तारखात्याचा तोच शिरस्ता झाला.

मोटार रबरी धावांवर चालणारी, म्हणजे भूमीपासून तुटलेली. तेव्हा तिच्या कारखानदारांनी काटकसरीची हीच तजवीज सांगाड्याकडून करून घेतली. बॅटरीचा एक ध्रुव लोखंडास आवळून टाकावा, दिव्याला नि भोंग्याला एकेकच तार न्यावी, परतीचे काम पत्र्याने करावे. आपल्या गॅरेजांतला वायरमन ज्याला ‘बॉडी अर्थ’ म्हणतो तो हाच. धन ध्रुव सांगाड्यास जोडावा की ऋण, याबाबत मात्र कारखानदारांत कित्येक वर्षे एकवाक्यता नव्हती. दिव्याच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नव्हते. गंजलेल्या बोल्टावरूनही दिवा बरा जळतो.

मोटारीत आकाशवाणीचा संच शिरला आणि हा सैलपणा महाग पडू लागला. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० साली अटलांटिक सिटी येथील रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनाबाहेर आपली मोटार उभी करून, तीत बसविलेला संच येणाऱ्या-जाणाऱ्यांस ऐकवला, आणि त्या संचास पुढे मोटोरोला हे नाव दिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तिच्यामागची खटपट तितकीशी प्रसिद्ध नाही. हाइन्रिख हर्ट्झ यांनी कार्ल्सरूह येथे विद्युत्-तरंग उत्पन्न केले ते एका ठिणगीच्या योगाने, आणि मोटारीचे इंजिन म्हणजे अशा ठिणग्यांची टांकसाळच होय. मिनिटास तीन हजार फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. अमेरिकेतील हौशी लोक फोर्डच्या जुन्या मोटारीतील कॉइल काढून तिचाच प्रक्षेपक बनवीत असत, यावरून त्या उपद्रवाची कल्पना यावी. गाणे ऐकायचे यंत्र असल्या प्रक्षेपकापासून हातभर अंतरावर बसवावयाचे होते! प्लगांच्या तारांत रोधक घालणे, डायनॅमोला कपॅसिटर जोडणे, हे इलाज लौकरच रूढ झाले. पण तेवढ्याने भागेना.

कारण प्रश्न एरियलचाही होता. आरंभीच्या बंद मोटारींचे छप्पर मधोमध कापडी असे आणि त्या कापडाखाली तारेची जाळी दडवली की एरियलचे काम भागे. जनरल मोटर्सने १९३५ च्या मोटारींना अखंड पोलादी छप्पर दिले आणि ती सोय संपुष्टात येऊ लागली. काही दिवस पायरीच्या फळीखाली एरियल टांगून पाहण्यात आले. तेथे चिखल आणि दगड यांनी त्याची दुर्दशा होई. अखेर पत्र्यातून वर काढलेली उभी कांडी सर्वमान्य झाली, आणि ज्या पोलादाने जाळीला हुसकावले होते तेच पोलाद या कांडीचे दुसरे अंग ठरले; कारण संचास जे ऐकू येते ते एकट्या कांडीतून नव्हे, तर कांडी आणि सांगाडा यांमधील विद्युत्-भेदातून.

हा भेद संचापर्यंत निर्वेध आणण्याचे काम कोॲक्सियल केबलचे. मधल्या तारेभोवती नळीसारखा दुसरा वाहक गुंडाळण्याची कल्पना ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडात १८८० सालीच पेटंट करून ठेवली होती, आणि बेल कंपनीच्या एस्पेन्शीड व ॲफेल यांनी १९२९ साली तिला दूरध्वनीच्या कामी जुंपण्याचा अर्ज केला होता. मोटारीत या बाह्य वेष्टनाची सारी अब्रू कांडीच्या बुडाशी राखली जाते. मडगार्डच्या खालच्या अंगास हात घालून, पत्र्यावरचा रंग रुपयाएवढ्या जागेत चकाकेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशरचे दात उघड्या लोखंडात रुतवावेत, वेष्टनाची विणलेली तार त्याखाली चौफेर आवळावी आणि वरून ग्रीस चोपडावे, एवढाच तो विधी. तो टाळला, तर संचाच्या बाजूने वेष्टन जोडलेले असले तरी डॅशबोर्डाखालून येणारी केबलची बाहेरची अंगलट स्वतःच एरियल बनते आणि इंजिनाची खरखर इमानेइतबारे आत पोचवते. बॅटरीच्या दिव्याने तपासून ‘अर्थ ठीक आहे’ असा निर्वाळा देणारा मिस्तरी येथे हमखास फसतो. संथ प्रवाहास जी लांब बारीक तार मोकळी वाटते तीच शीघ्र तरंगांना अडसरासारखी आडवी येते. त्यांस आखूड आणि रुंद पट्टीच लागते.

हे ज्ञान लष्कराच्या अंमलाखाली शास्त्राच्या पदवीस पोचले. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीपगाडीच्या बॉनेटवर नोंदणी-क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवलेले दिसले, की तिच्यातील उपद्रवी तरंगांचा बंदोबस्त झालेला आहे असा त्याचा अर्थ होई. बॉनेट, इंजिन आणि सांगाडा हे रंगाने, रबराने आणि गंजाने परस्परांपासून विलग झालेले भाग तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी एकत्र बांधले जात. रबरी पट्ट्यांवर लोंबणारी धुराची नळीदेखील, सांगाड्याशी बांधली नाही तर, मागच्या बाजूने खरखर पसरवते. शांततेच्या काळातील कारखानदारांनी यातले स्वस्त तेवढे उचलले.

१९५३ साली शेव्हरोलेने कॉर्व्हेट ही मोटार काचतंतूंच्या देहाची केली, तेव्हा या साऱ्या शास्त्राचा आधारच नाहीसा झाला. आरंभीच्या गाड्यांत सामानाच्या कप्प्याच्या झाकणातच एरियलची जाळी बसवावी लागली. आणि इंजिनावर आता लोखंडी बॉनेटाचा आडोसा नसल्यामुळे डिस्ट्रिब्यूटर व प्लगांच्या तारा यांवर धातूची स्वतंत्र आवरणे चढवून ती सांगाड्यास जोडावी लागली. पुढे तर ज्या गिऱ्हाइकाने रेडिओ नको म्हटले, त्याच्या गाडीला ही आवरणेही मिळत नसत. शेजारून जाणाऱ्या मोटारीतील रेडिओचे काय होईल, ही विवंचना हिशेबात धरण्याचा कारखान्यांचा दस्तूर नव्हता.