संशयाचे चोवीस तास

२५ जून १९७५, सकाळचे आठ. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय यांना दिल्लीत १, सफदरजंग रोडला तातडीनं बोलावणं येतं. पंतप्रधान इंदिरा गांधी त्यांना सांगतात, देशाला आता जबर धक्का द्यायला हवा. चिलीचे अध्यक्ष आयेंदे यांची सत्ता १९७३ मध्ये उलथली तशीच अमेरिकेची सीआयए आपलीही उलथवील, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. ती अगदीच निराधार नव्हती. चिलीत अमेरिकेनं खरोखर कारस्थानं केली होती आणि १९७१ पासून तिथले तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांचा बाईंवर राग होता. पण भारतातला असंतोष वॉशिंग्टनहून आलेला नव्हता. गुजरात पेटलं ते अहमदाबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या तेल आणि धान्य परवडेना म्हणून. हे समजायला कुठला हेर लागत होता?

तरी ‘परकीय हात’ भाषणांत कधीपासून घुमत होता. विरोधी खासदार पिलू मोदी त्याला इतके कंटाळले की ‘मी सीआयए एजंट आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवून संसदेत गेले.

संध्याकाळी साडेपाच. राय राज्यघटना चाळून परतले आहेत. आणीबाणीचं कलम ३५२ सापडलं आहे. दोघं राष्ट्रपतींना भेटायला जातात.

त्याच संध्याकाळी रामलीला मैदान माणसांनी फुललेलं. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण २९ जूनपासूनच्या सत्याग्रहाची घोषणा करतात. बेकायदा हुकूम पाळू नका, असं पोलीस आणि लष्कराला सांगतात. या वाक्यावर वाद घालता आला असता, खटलाही भरता आला असता. पण ते हजारो लोकांसमोर, लाऊडस्पीकरवरून बोललेलं होतं. कारस्थान असं होत नसतं.

रात्री. पंतप्रधानांचं पत्र राष्ट्रपती भवनात पोचतं. त्यात म्हटलेलं असतं की, अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षेला तातडीचा धोका असल्याची ‘माहिती’ आली आहे. कोणाकडून आली, कसली आली, एक अक्षर नाही. मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नाही. पावणेबाराच्या सुमारास राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आणीबाणीच्या घोषणेवर सही करतात.

बहादूर शाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली जाते. जुळवलेली पानं तशीच राहतात आणि सकाळी तिथली वर्तमानपत्रं निघत नाहीत.

पहाटे तीनच्या सुमारास गांधी शांती प्रतिष्ठानात झोपलेल्या बहात्तर वर्षांच्या जयप्रकाशांना उठवून पार्लमेंट स्ट्रीट ठाण्यात नेतात. त्यांच्यामागे टॅक्सीनं आलेल्या चंद्रशेखरांनाही तिथंच अटक होते. ते तर काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सदस्य होते.

सकाळी सहा. मंत्र्यांना उठवून बैठकीला आणलं आहे. स्वर्णसिंग एवढंच विचारतात की, एक आणीबाणी चालू असताना दुसरी कशाला? प्रश्न रास्त होता. पाकिस्तानच्या युद्धात, ३ डिसेंबर १९७१ ला जाहीर झालेली आणीबाणी उठवलेलीच नव्हती. खऱ्या परकीय शत्रूसाठीचे अधिकार सरकारच्या हातात होतेच. नवे हवे होते ते आपल्याच माणसांविरुद्ध. अर्ध्या तासाच्या आत बैठक आटोपते.

आठ वाजता आकाशवाणीवर बाई देशाला खोलवर रुजलेल्या कटाबद्दल सांगतात. बंगळूरला संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले राजापूरचे खासदार मधु दंडवते त्या दिवशी वाजपेयी-अडवाणींबरोबर पकडले जातात.

पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं कागद तपासले. त्या जूनमध्ये गुप्तचर विभागानं गृहखात्याला धोक्याचा एकही अहवाल दिलेला नव्हता. विभागाच्या संचालकांना तर आणीबाणी लागल्याचं २६ तारखेला कचेरीत गेल्यावर कळलं.

पत्रातल्या त्या एका ‘माहिती’वर आयोगाच्या हिशेबानं १,१०,८०६ माणसं तुरुंगात गेली.