मध्यावधी निवडणुका, अमेरिकेतील : आर्थिक स्थिती व सत्तारूढ पक्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यास संपूर्ण प्रतिनिधिगृह व सु. एक-तृतीयांश सीनेट यांसाठी होणाऱ्या निवडणुका. भारतात मध्यावधी म्हणजे मुदतीपूर्वीची निवडणूक. तेथे ती ठरल्या वेळीच होते. त्यामुळे ऐन मंदीत मतदारांस सामोरे जाणे सत्तारूढ पक्षास टाळता येत नाही. १८९३ च्या आर्थिक अरिष्टात शेकडो बँका बुडाल्या. डेमॉक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड याने सुवर्णचलनाच्या आग्रहापायी शासनाची रौप्यखरेदी थांबविली आणि १८९४ मध्ये पुलमन रेल्वे-संप मोडण्यास लष्कर धाडले. ऋणग्रस्त शेतकरी व कामगार दोघेही दुरावले. त्या वर्षी ३५६ सदस्यांच्या प्रतिनिधिगृहात पक्षाने शंभराहून अधिक जागा गमावल्या. १९३४ मध्येही महामंदी सरलेली नव्हती. तरीही फ्रँक्लिन रूझवेल्ट याच्या कारकीर्दीत त्याच पक्षास प्रतिनिधिगृहात नऊ जागा अधिक मिळाल्या; सीनेटमध्येही त्याचे बळ वाढले. बँका सावरल्या होत्या, शेतकऱ्यांस अनुदान व बेकारांस साहाय्य पोहोचू लागले होते. बेकारीच्या आकड्यापेक्षा सुधारणेची चाहूल अधिक प्रभावी ठरली, असे दिसते. शिवाय मंदीचा दोष मतदार अद्याप आधीचा राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर याच्याच माथी मारीत होते.