राल्फ मेरिफिल्ड आणि चुलीखालच्या सुरया

१/ इंग्लंडमधील जुन्या घरांच्या चुलीखाली, उंबरठ्याखाली १७व्या शतकातील दाढीवाल्या चेहऱ्याच्या सुरया पुरलेल्या सापडतात. आत वाकवलेल्या टाचण्या, केस, नखे.

२/ लंडनचे पुरातत्त्वज्ञ राल्फ मेरिफिल्ड यांनी १९५५ साली ‘फोकलोर’ नियतकालिकात त्यांचा अर्थ लोकसमजुतींच्या आधारे उलगडला. करणी झालेल्या रुग्णाचे मूत्र टाचण्यांसह कोंडले, की चेटकिणीला असह्य वेदना होऊन ती करणी मागे घेते, अशी तत्कालीन श्रद्धा होती.

३/ रोमन लंडनचे अभ्यासक म्हणून ख्यातनाम असलेल्या मेरिफिल्ड यांनी निवृत्तीनंतर, १९८७ मध्ये ‘द आर्किऑलॉजी ऑफ रिच्युअल अँड मॅजिक’ हा ग्रंथ सिद्ध केला. उत्खननात मिळणाऱ्या अशा वस्तू अडगळ मानू नयेत, हा त्यांचा आग्रह.

४/ खटल्यांच्या दप्तरांत चेटकिणींवरील आरोप नोंदले गेले. कोर्टाची पायरी न चढलेल्या घरांचे भय मात्र या सुरयांतच उरले.