घुमटावरून सोडलेले फुगे

जुलै १७१९. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या घुमटावरून जॉन डेसाग्युलिए यांनी डुकराच्या मूत्राशयाचे पाच फुगे खाली सोडले. ओलं मूत्राशय लाकडाच्या पोकळ गोलात घालायचं, हवा भरून फुगवायचं आणि तसंच वाळवायचं. फुगा बऱ्यापैकी गोल होई. सोबत शिशाचे गोळेही होते. उंची २७२ फूट.

हवा नसती तर एवढं अंतर पडायला ४.१ सेकंद लागले असते. शिशाला सव्वाचार लागले. 'हवेचा विरोध नगण्य माना' हे शाळेतलं वाक्य शिशापुरतं खपून जातं. फुग्यांनी मात्र १७ ते २२ सेकंद घेतले.

हे आकडे न्यूटनला हवे होते. 'प्रिन्सिपिया'त त्याचा दावा होता, की हवेचा विरोध तिच्या घनतेवर, वस्तूच्या आडव्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. आज आपण तेच सूत्र असं लिहितो: विरोध म्हणजे अर्धा गुणिले गुणांक, घनता, क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. न्यूटनच्या हिशेबाने गोलाचा गुणांक ०.५ निघतो. वेग वाढता वाढता विरोध वजनाइतका झाला, की पुढे वेग वाढत नाही.

पहिलाच फुगा घ्या. वजन १२८ ग्रेन, म्हणजे ८.३ ग्रॅम, व्यास ५.२८ इंच, म्हणजे १३.४ सेंटिमीटर. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलो धरली तर अंतिम वेग येतो सेकंदाला ४.४ मीटर. या वेगाने ८३ मीटर पार करायला लागतात १९ सेकंद. घड्याळातही १९ सेकंदच भरले होते!

पाचवा फुगा सुरकुतलेला होता. तो हिशेबापेक्षा रेंगाळला आणि न्यूटनने दोष सुरकुत्यांना दिला.

गंमत अशी, की उत्तर जुळलं तरी न्यूटनची कारणमीमांसा टिकली नाही. घर्षणरहित प्रवाहात गोलाला विरोध शून्यच यायला हवा, असं फ्रेंच गणितज्ञ दालांबेरचं गणित १७५२मध्ये सांगून बसलं. हा गुंता सुटायला १९०४ उजाडलं. हायडेलबर्गच्या गणित परिषदेत लुडविग प्रांटल यांनी दाखवलं, की पृष्ठभागालगतचा पातळ थर चिकटपणामुळे मंदावतो, मग सुटून मागे भोवरे सोडतो. विरोध तिथून येतो.

आणि ०.५ हा आकडाही सर्वत्र लागू नाही. वेग पुरेसा वाढला, की गुळगुळीत गोलाचा गुणांक एकदम निम्म्याहून खाली घसरतो. हे १९१२मध्ये लक्षात आणून दिलं ते मनोरा बांधणाऱ्या गुस्ताव्ह आयफेल यांनी.