खुर्द्याची गणती : पानिपतावरची ओळख आणि आजचे बेपत्ता



पानिपतच्या संहाराची बातमी दक्षिणेत आली ती सावकारी चिठ्ठीच्या सांकेतिक भाषेत, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि रुपये-खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. खुर्द्याची गणती मात्र लागली नाही. आजचे व्याख्यान त्या न लागलेल्या गणतीविषयी आहे.

१४ जानेवारी १७६१. उदगीरचा विजय मिळून अजून वर्षही उलटले नव्हते. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळे त्या उदगीर-बिदरकडचीच. उदगीरच्या त्याच विजयी सेनापतीचा देह पानिपतच्या ढिगाऱ्यांत शोधण्याची वेळ आली. शुजाउद्दौल्याच्या पदरी काशिराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. त्याने फारसीत लिहिलेली हकीकत आज उपलब्ध आहे. विश्वासरावांचा देह लवकर मिळाला. भाऊंचा मिळेना. अखेर एक शिर नसलेले धड सापडले आणि त्याच्याजवळ मोती सापडले. भाऊंना जवळून पाहिलेल्या दक्षिणी पंडितांनी खुणा तपासल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर मुजफ्फरखानाने पूर्वी केलेल्या कट्यारीच्या वाराचा वण. तळपायावर शुभ मानलेल्या रेषा. रोज घातलेल्या सूर्यनमस्कारांनी हातांना आणि गुडघ्यांना पडलेले घट्टे.

वैद्यकाच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची आहे. देह सुमारे पस्तिशीचा वाटला असे काशिराज लिहितो. भाऊंचे वय तेव्हा तिशीचे होते. डोळ्यांनी केलेला वयाचा अंदाज असा पाच वर्षे सहज चुकतो. जुना वण आणि रोजच्या सवयीने पडलेला घट्टा मात्र चुकत नाहीत. शिर दुसऱ्या दिवशी एका अफगाण स्वाराकडून सोडवून आणावे लागले. मग अग्निसंस्कार झाला.

खुणा इतक्या पक्क्या, तरी प्रश्न मिटला का? नाही. रणावर पटलेली ओळख पुण्यातल्या वाड्यात पोहोचली नाही. पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मानलाच नाही; १७८३ मध्ये स्वतःच्या अंतापर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. या न मिटलेल्या जागेत तोतया शिरला. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊ म्हणवू लागला. माधवराव पेशव्यांनी चौकशी करवली, त्याचे सोंग उघडे पडले, तो कैदेत गेला. तरीही १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे त्याला घेऊन उठला आणि कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. माणसे भोळी होती म्हणून एवढे झाले, असे मला वाटत नाही. भाऊ परत यावेत अशी त्यांची इच्छा होती. त्या वर्षअखेरीस तोतयाला पुण्यात देहदंड झाला.

हे झाले मोत्यांचे. खुर्द्यासाठी रणावर कोणी पंडित पाठवले नाहीत. त्या घरांसाठी धर्मशास्त्राने वाट ठेवली होती : बारा वर्षे वाट पाहायची, मग पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली. १८७२ च्या पुरावा कायद्यातला तो नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. पण मुदत संपली म्हणून घरच्यांचे वाट पाहणे संपत नाही.

आता नल्लकुंट्याकडे येऊ. काचीगुडा स्थानक इथून हाकेच्या अंतरावर. मराठवाड्याच्या गाड्या तिथे येतात. औषधोपचाराला, मजुरीला, कधी घरात भांडून आलेला माणूस या शहरात एकटा पडला आणि बोलायचा थांबला, की कागदावर त्याची नोंद 'अनोळखी' अशी होते. बोटांचे ठसे आणि डीएनए ही साधने खरी, पण ताडून पाहायला दुसरी बाजू लागते. ती नसेल तर ठसा मुकाच राहतो. अशा वेळी मराठी माणसाचा उपयोग होतो. हातावरचे देवनागरी गोंदण, सदऱ्याच्या कॉलरवरची गावाकडच्या शिंप्याची चिठ्ठी, बेशुद्धीत तोंडून निघालेला परभणीकडचा एखादा शब्द, हे आपण वाचू शकतो. दवाखान्यात आणि ठाण्यात असा वाचणारा हवा असतो.

या कामाची शिस्त मात्र पाळावी. खूण दिसली तर आधी पोलिसांना सांगावी. मृताचे छायाचित्र हातोहात फिरवू नये. खात्री होण्याआधी कोणाच्या घरी नाव कळवू नये. एका चुकीच्या निरोपाने एखाद्या पार्वतीबाईंचे कुंकू विनाकारण पुसले जाईल. आणि खात्री झाली, की नुसते 'गेला' असे न सांगता कोणत्या खुणेवरून ओळखले तेही सांगावे. पुण्याला नेमके तेवढेच हवे होते.

आपल्या घरातही एक वही ठेवा. प्रत्येकाचा तीळ, जुना वण, शस्त्रक्रिया, बसवलेला दात, अलीकडचा फोटो. विसर पडू लागलेल्या वडीलधाऱ्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी असू द्या, मराठीत आणि तेलुगूतही.

पानिपतचा खुर्दा आता मोजता येणार नाही. आपल्या शहरातला येतो.