बालकांच्या मेंदूचे शस्त्रवैद्य

विद्वानाच्या कार्याचें मोजमाप कशानें करावें? त्याचे निष्कर्ष किती काळ टिकले यावरून, असें उत्तर सामान्यतः दिलें जातें. परंतु बॉस्टन येथील शस्त्रवैद्य डोनाल्ड मॅट्सन यांचें कार्य पाहिलें म्हणजे हें उत्तर अपुरें वाटूं लागतें. त्यांनीं पुढें आणलेली एक मोठी शस्त्रक्रिया थोड्याच वर्षांत मागें पडली. तथापि बालकांच्या मेंदूच्या शस्त्रविद्येंत त्यांचा मान कमी झाला नाहीं.

या विद्येची स्वतंत्र परंपरा अमेरिकेंत १९२९ सालीं सुरू झाली. हार्वे कशिंग यांचे शिष्य फ्रँक इंग्रॅहॅम यांनीं त्या सालीं बॉस्टनच्या बालरुग्णालयांत केवळ मुलांसाठीं मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उघडला. त्याचा लाभ लवकरच दिसून आला. तान्ह्या मुलाच्या मेंदूच्या आवरणाखालीं रक्त सांचण्याचा विकार तोंपर्यंत दुर्मिळ समजला जाई. मूल ओकतें, त्यास झटके येतात, आणि कारण कोणास उमगत नाहीं! इंग्रॅहॅम यांनीं अशा मुलांच्या न भरलेल्या टाळूच्या कडेनें सुई घालून पाहण्याचा परिपाठ ठेवला. तेव्हां विकार दुर्मिळ नव्हता, तपास दुर्मिळ होता, असें सिद्ध झालें. मॅट्सन हे याच गुरूच्या हाताखालीं तयार झाले.

मेंदूच्या पोकळ्यांत उत्पन्न होणारें पाणी शोषलें न जातां सांचूं लागलें म्हणजे तान्ह्या मुलाचें डोकें फुगत जातें आणि मेंदू दाबला जातो. हाच जलशीर्षाचा विकार. १९४९ सालीं मॅट्सन यांनीं यावर एक धाडसी उपाय प्रसिद्ध केला. मुलाचें एक मूत्रपिंड काढून टाकावयाचें, आणि कण्यांतील पाणी बारीक नळीवाटे मोकळ्या झालेल्या मूत्रनलिकेंत सोडावयाचें. मेंदू वांचविण्यासाठीं निरोगी अवयवाचा बळी! असा बळी घेण्याचा वैद्यास अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल, व तो योग्यच आहे. परंतु त्या वेळच्या मातापित्यांपुढें दुसरा भरंवशाचा मार्ग नव्हता. या उपायानें कित्येक मुलें जगलीं. मात्र पाण्याबरोबर शरीरांतील क्षारही वाहून जात, आणि एखाद्या साध्या आजारानेंही मूल संकटांत सांपडे.

१९५६ सालीं फिलाडेल्फियांत यूजीन स्पिट्झ यांनीं नव्या तऱ्हेची झडप वापरली. ती बनविणारे जॉन हॉल्टर हे वैद्य नव्हते, यंत्रकारागीर होते. त्यांचा स्वतःचा मुलगाच जलशीर्षानें पीडित होता. झडपेमुळें पाणी रक्तप्रवाहांत परत जाऊं लागलें, आणि मूत्रपिंड काढण्याचें कारण उरलें नाहीं.

मग मॅट्सन यांचें काय राहिलें? पिट्युइटरी ग्रंथीलगत मुलांना एक गांठ होते. ती काढतांना ग्रंथीस धक्का लागे, आणि गांठ निघूनही रोगी दगावे. शस्त्रक्रियेच्या आधीं व नंतर कॉर्टिझोन दिल्यास हा धोका टळूं शकतो, असें इंग्रॅहॅम, मॅट्सन व त्यांचे सहकारी मॅक्लॉरिन यांनीं १९५२ सालीं दाखविलें. ग्रंथीची उणीव औषधानें भरून काढण्याचें हें तत्त्व आजही पाळलें जातें. १९५४ सालीं गुरुशिष्यांनीं ‘न्यूरोसर्जरी ऑफ इन्फन्सी अँड चाइल्डहूड’ हा ग्रंथ काढला. एकाच रुग्णालयांतील अनुभवावर उभारलेला हा ग्रंथ या शाखेच्या अभ्यासकांचा आधार झाला. इंग्रॅहॅम १९६५ सालीं निवर्तले. दुसरी आवृत्ति एकट्या मॅट्सन यांनीं सिद्ध केली. ती १९६९ सालीं निघाली आणि त्याच सालीं त्यांचाही अंत झाला.

मूत्रपिंडाची ती शस्त्रक्रिया आतां इतिहासजमा झाली आहे. तिचें श्रेय तिच्या टिकण्यांत शोधूं नये. पाणी दुसरीकडे वळविल्यास मूल जगूं शकतें, ही आशा तिनें दृढ केली; आणि तें पाणी शरीराबाहेर दवडूं नये, हा धडाही तिच्याच दोषांनीं शिकविला. झडपेची थोरवी सांगतांना, तिच्या आधींच्या सात वर्षांत ज्या बालकांनीं आपलें एक मूत्रपिंड देऊन जीव राखला, त्यांचीही आठवण ठेवणें न्याय्य होईल.